पुढचं हौजिंग दाजींचं

“गाडी कुणाची?” दस्तगीर मिस्त्रीनं विचारलं.

साधा प्रश्न होता. पण आमचे आनंदराव मिशीवरून हात फिरवत माझ्या भावाकडं बघून हसले आणि म्हणाले, “पाव्हण्यांचीच म्हणा की.”

“छ्या, छ्या! दाजींची,” केरबा म्हणाला. “आमी काय, आपलं नावाला.”

“तसं कसं पाव्हणं?”

“तसंच, दाजी.”

मिस्त्रीनं तंबाखूची पिंक बाजूला टाकली, हाताला लागलेलं ग्रीस बोळ्याला पुसलं आणि एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. मी वर केबिनमध्ये बसले होते. गडहिंग्लजला मला चष्मा करायचा होता म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. गाडीच्या कामाशी माझा संबंध असेल असं त्या दोघांच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं.

“बरं, काय झालंय गाडीला?”

झालं होतं ते असं. ती गाडी, म्हणजे ट्रकच, लष्करानं लिलावात काढलेली, पुढची आणि मागची दोन्ही चाकं ओढणारी. तशी भक्कम होती. पण आनंदरावांनी घेतल्या घेतल्या तिला भलेमोठे टायर घातले. का, तर रुबाब दिसतो. रुबाब दिसला खरा, आणि गाडी भरली की चढावर मान टाकायला लागली. आता टायर उतरवले असते तर भागलं असतं, पण मग गावातले लोक काय म्हणाले असते? तेव्हा टायर राहू द्यायचे आणि आतले दात बदलायचे, असं ठरलं. चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याला हौजिंग म्हणतात. त्यात क्राऊन आणि पिनियन अशी दातेरी चाकांची जोडी फिरते. ती बदलून हळू पण जोरात ओढणारी जोडी घातली की गाडी चढते. हे मला तेव्हा केबिनमध्ये बसून ऐकता ऐकता कळलं.

मिस्त्री गाडीखाली जाऊन आला आणि त्यानं आकडा सांगितला. मला हायसं वाटलं. कोल्हापुरात विचारलं होतं त्याच्या मानानं तो फारच कमी होता.

“पण एक हाय,” मिस्त्री म्हणाला. “दोनी हौजिंग माझ्याकडंच द्यायची. एक हितं आन एक तिसरीकडं, असलं काम मी करत न्हाई. आन मालक कोण ते ठरवून या. सांगायचं कुणाला, इचारायचं कुणाला, ते मला कळाय पायजे.”

एवढं बोलून त्यानं पोत्यावर ठेवलेला आपला चहा उचलला आणि यांच्यासमोर उभं राहून एकट्यानं प्यायला.

परतीच्या वाटेवर गिजवणं गाव मागं पडलं. मग केरबा म्हणाला, “दाजी, डब्यावर बसवलं हो त्यानं तुमाला.”

“तेलाच्या डब्यावर,” आनंदराव म्हणाले. “पालथ्या.”

“आन चहा?”

“नाव काढू नका, पाव्हणं.”

संपलं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तीन तालुक्यांत त्याच्याइतकं स्वस्तात काम करणारा दुसरा नव्हता, पण त्यानं चहा विचारला नाही. “त्या माणसाची पायरी आपली न्हवं,” असं दोघांचं एकमत झालं. त्या दोघांचं एकमत फार क्वचित व्हायचं, आणि झालं की मी घरातले पैसे मोजून ठेवायचे.

आता ती गाडी कुणाची होती, ते सांगते.

माझे वडील गेल्यावर केरबानं मला हक्कसोडपत्रावर सही मागितली. बहिणीनं भावाला जमीन सोडायची, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, सोडते, पण फुकट नाही. माझ्या वाटणीला चिंचेखालची पट्टी येत होती, विहिरीला लागून. लहानपणी त्या पट्टीत मी भुईमूग उपटलेला होता, मोट धरलेली होती. केरबाला वाईट वाटलं. बहीण हिशेबाला आली, असं त्यानं चार ठिकाणी सांगितलं. पण शेवटी तो कबूल झाला आणि त्या पट्टीच्या बदल्यात ही गाडी आली. तर जमीन माझी गेली आणि गाडी त्यांची झाली. पैसे आपण मोजले म्हणून निम्मी आपली, असं केरबा धरून चालला. बायको आपली म्हणून उरलेली निम्मी आपली, असं आनंदरावांनी धरलं. पुढच्या काचेवर दोन देवांची नावं आली, डावीकडं आमचा रवळनाथ आणि उजवीकडं माहेरचा जोतिबा. अक्षरं सारख्या मापाची आहेत का, ते पेंटरकडून पट्टी लावून मोजून घेतलं. माझं नाव कुठं टाकायचं हा प्रश्न निघालाच नाही.

आणि गाडीला काम काय होतं? आजऱ्याच्या पलीकडं नाईकांची जांभ्या दगडाची खाण होती. चिरा चांगला निघायचा, पण खाण खोल गेली होती आणि वर यायची वाट उभी. साधे ट्रक खाली उतरत नव्हते. बायामाणसं डोक्यावरून चिरे वर आणत होती. नाईक म्हणाले होते, भरलेली गाडी एकदा खालून वर आणून दाखवा, हंगामभराची सगळी वाहतूक तुमची. नाही जमलं तर ते नवी वाट फोडणार होते आणि मग कुणाचाही ट्रक चालणार होता. माझी चिंचेखालची पट्टी त्या एका चढावर लागली होती.

दुसऱ्या दिवशी सोप्यात बैठक बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा केरबा सांगत होता, “दाजी, निपाणीला एक मिस्त्री हाय. माझ्या सासुरवाडीचा माणूस. गेलं की आधी गादीवर बसवतो.”

“असंल की,” आनंदराव म्हणाले. “पर कोल्हापुरात आमच्या तालमीतला एक हाय. एका मातीतलं आमी. त्याला डावलून दुसरीकडं गेलो तर तोंड दाखवाय जागा राहायची न्हाई.”

“न्हाई, तुमचा शब्द मोडायचा न्हाई, दाजी. पर मी निपाणीला शब्द देऊन बसलोय.”

“तुमचा शब्द आमी मोडतोय व्हय? पर तालीम म्हंजे तालीम.”

असं दोन कप चहा होईपर्यंत चाललं. दोघं एकमेकांचा इतका मान राखत होते, की कुणीच एक पाऊल मागं घेत नव्हतं. शेवटी केरबालाच ते सुचलं. अजून मला नवल वाटतं, की एवढ्या मोठ्या डोक्याच्या माणसाला एवढं लहान काही सुचावं.

“हौजिंग दोन हाईत की, दाजी! एक तुमच्या मिस्त्रीला, एक माझ्या.”

आनंदरावांचा चेहरा खुलला. “वा! कुणाचंच मन मोडाय नको.”

“तो गडहिंग्लजचा मिस्त्री म्हणत होता की,” मी म्हटलं, “दोन्ही एकाकडंच द्यायची म्हणून.”

“त्याला काय, दोन्हीचे पैसे पायजेत म्हणून म्हणतोय त्यो,” केरबा म्हणाला.

“तुला काय कळतंय त्यातलं?” हे आनंदराव.

मला त्यातलं खरंच काही कळत नव्हतं. पण त्या दोघांनाही कळत नव्हतं, एवढं मला कळत होतं. मी विचारलं, “मग दोघा मिस्त्रींनी एकमेकांशी बोलायला नको का? काय घालायचं, कसं घालायचं?”

“बोलायचं कशाला? मिस्त्री हाईत ती. त्यांचं त्यास्नी ठावं हाय.”

मग एक नवीन पेच निघाला. पुढचं हौजिंग कुणाकडं आणि मागचं कुणाकडं? यावर दोघं विचारात पडले. लग्नात आधी कुणाला फेटा बांधायचा यावर जसे पडतात तसेच. शेवटी केरबानं मोठ्या मनानं हात पुढं केला.

“पुढचं हौजिंग दाजींचं. मान तुमचा. आमी आपलं मागचं घेतो.”

आनंदराव मनातून इतके खूश झाले, की रात्री केरबाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सगळ्यांत स्वस्त मिस्त्री सोडून दोन महागडे मिस्त्री केले होते, आणि दोघांनाही आपण व्यवहार जिंकल्यासारखं वाटत होतं. मी भाकऱ्या थापत होते आणि भाकरीवर जरा जोरातच हात पडत होता.

पुढचा गोळा कोल्हापूरला गेला, मागचा निपाणीला. दोन्हीकडून नवी जोडी घालून आले. दोन्ही मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की हत्ती बांधा मागं, ओढून नेईल. आमचा ड्रायव्हर यशवंता, त्यानं ते बसवले. तो शहाणा माणूस. मालक लोकांच्या बोलण्यात तो पडत नसे आणि त्याला कुणी विचारतही नसे.

आजऱ्याच्या रस्त्यावर चाचणी झाली. गाडी अशी चढली, की बघत राहावं. या गाडीची गंमत अशी, की सपाट रस्त्यावर ती मागच्या चाकांवरच चालते. गिअरशेजारचा लहान दांडा ओढला तरच पुढची चाकंही ओढायला लागतात. चाचणीत तो दांडा कुणी ओढलाच नाही. घरी आल्यावर केरबा बोकडाच्या रश्श्यावर ताव मारत म्हणाला, “बघितलंत दाजी, मागचं कसं ओढतंय? निपाणीचं काम हाय ते.”

आनंदरावांचा घास तिथंच थांबला. “पुढचं अजून लावलंय कुठं? त्ये लागू द्या, मग बघा.”

“लागंल की. घाई काय?”

“घाई न्हाई. पर मागच्याचं एवढं कवतिक नको.”

त्या रश्श्यात मीठ मीच घातलं होतं आणि मलाच तो कडू लागला.

खाणीवर त्या दिवशी जत्रेसारखी माणसं जमली. नाईक स्वतः छत्री घेऊन वर उभे होते. यशवंतानं गाडी खाली उतरवली, बायांनी चिरे भरले. केरबा आणि मी वर कडेला उभे होतो. आनंदराव मात्र गळ्यात गाडीसाठी आणलेल्या हारांतला एक हार घालून यशवंताच्या शेजारी चढून बसले. पुढचं हौजिंग त्यांचं होतं. त्याच्या मानाच्या वेळी मालक खाली असून कसं चालेल?

गाडी निघाली. पहिला टप्पा मागच्या चाकांवर चढली. केरबानं माझ्याकडं बघून मान हलवली. मग उभा चढ आला आणि आनंदरावांचं ओरडणं वरपर्यंत ऐकू आलं.

“ओढ दांडा! लाव पुढचं!”

यशवंतानं दांडा ओढला.

दुभत्या तापट म्हशीला आणि बैलाला एका जुवाला जुंपावं, तसं काहीतरी झालं. पुढची चाकं एका चालीनं जाऊ बघत होती, मागची दुसऱ्या. गाडी चार हात पुढं आली, मग जागीच उड्या मारायला लागली. टायर जांभ्यावर करकरले. यशवंता दांडा परत लोटायला बघत होता, पण तो आत अडकून बसला होता. आणि मग गाडीच्या पोटातून असा आवाज आला, की खाणीतल्या बायांनी डोक्यावरचे चिरे टाकून दिले. इंजिनाचा जोर पुढं-मागं वाटणारी मधली पेटी फुटली होती. गाडीखालून तेलाची धार सुरू झाली आणि भरलेली गाडी मागं सरकायला लागली.

आनंदरावांनी हारासकट उडी मारली. यशवंता ब्रेकवर उभा राहिला, आणि चार बायांनी धावत जाऊन मागच्या चाकांखाली चिरे सारले. गाडी थांबली. खाणीतून वर यायच्या एकुलत्या एका वाटेत आडवीतिडवी थांबली.

नाईक वरून एवढंच म्हणाले, “आता मी माझा माल बाहेर कसा काढू?”

त्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी दोघं काय करत होते? बोरीच्या झाडाखाली उभे राहून मानपान करत होते.

“मी काय म्हणतो, दाजी, राग मानू नका. पर पुढचं लावलं आन हे झालं.”

“पाव्हणं, पुढचं बरोबर ओढत हुतं. मागच्यानं धरून ठेवलं त्याला.”

“निपाणीच्या माणसाला नाव ठेवू नका.”

“मग कोल्हापूरला तुमी ठेवताय ते?”

केरबा त्या दिवशी आमच्या घरी पाणी न पिता गेला. दोन-चार दिवसांनी निरोप आला, की झालं गेलं, गाडी भंगारात घालू आणि आलेले पैसे निम्मे-निम्मे वाटून घेऊ. आनंदरावांनी ऐकलं आणि म्हणाले, “पाव्हण्यांचं बरोबर हाय.” पुन्हा एकमत झालं होतं.

मी भावाच्या घरी गेले. तो जेवत होता.

“केरबा,” मी म्हटलं, “वाटेत अडकलंय ते काय आहे, माहीत आहे का तुला?”

“गाडी.”

“माझी चिंचेखालची पट्टी आहे ती. तू भंगारात कुणाची जमीन घालायला निघालास?”

“असं का बोलतीस आक्का? आमी दोघं बघतोय की.”

“तुम्ही दोघं बघताय म्हणूनच ती तिथं आहे.”

मला त्या वेळी खूप रडू आलं होतं आणि मी रडलेही. वहिनी पाणी घेऊन आली. केरबानं ताट बाजूला सारलं. मला त्याचा राग होता, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं, की तो मनानं वाईट नव्हता. त्यानं मला फसवलं नव्हतं. मी त्याच्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

मी नाईकांना भेटले. वाट मोकळी करून देते, तोवर नवी वाट फोडू नका, असं म्हटलं. नाईक म्हणाले, वाट फोडायला मलाही पैसेच लागतात, बघा तुमचं. त्याच बायांनी चिरे हातानं उतरवले. यशवंतानं ओळखीचा ट्रॅक्टर आणला, आणि गाडी ओढत ओढत गडहिंग्लजला निघाली. मी यशवंताबरोबर केबिनमध्ये बसले. एकट्या बाईला मिस्त्रीकडं कसं सोडायचं म्हणून आनंदराव मागून मोटारसायकलवर आले. दाजी एकटेच कसे जातील म्हणून केरबा त्यांच्या मागं बसून आला. दोघं अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण मोटारसायकल एकच होती.

दस्तगीर मिस्त्रीनं गाडी आत घेतली. दोन्ही गोळे खाली उतरवले, उघडले आणि दोन्हीतले पिनियन पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले. मला ते काम काडीचं कळत नव्हतं, पण ते बघायला मिस्त्री असायची गरज नव्हती. एकाचे दात जाडजूड आणि मोजके, दुसऱ्याचे बारीक आणि दाट. कोल्हापूरच्यानं आपल्या मतानं एक जोडी घातली होती, निपाणीच्यानं आपल्या मतानं दुसरी. दोघांनीही काम चोख केलं होतं.

“पुढचं येगळं पळतंय, मागचं येगळं,” मिस्त्री म्हणाला. “मधल्या पेटीनं किती सोसायचं?”

आनंदराव पिनियनकडं वाकून बघत म्हणाले, “बारीक दातांचं कुठलं?”

“पुढचं.”

“मग ते चांगलं असणार.”

मिस्त्रीनं दोन्ही पिनियन बाजूला सारले. मग बोळ्याला हात पुसले आणि पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला.

“गाडी कुणाची?”

केरबानं तोंड उघडलं. आनंदरावांनी मिशीवर हात नेला. भांडण झालेलं असूनही दोघांचे हात एकमेकांकडं निघाले होते, सवयीनं.

“माझी,” मी म्हटलं.

दोघांचे हात तिथंच राहिले. मी तो पालथा तेलाचा डबा पायानं पुढं ओढला आणि त्यावर बसले. चांगला भक्कम डबा होता. का त्याला नावं ठेवली होती कोण जाणे.

“दोन्ही हौजिंग तुमच्याकडंच,” मी म्हटलं. “मधली पेटी पण. जोडी कुठली घालायची ते तुम्ही सांगा, हो की नाही ते मी सांगते. आणि ते मोठे टायर उतरवा. टायर विकून तुमचं काम होतंय का बघू.”

“टायर?” आनंदराव एकदम म्हणाले. “अगं, टायर कशाला?”

“हुतंय,” मिस्त्री म्हणाला. “आरामात हुतंय.” मग त्यानं हनुवटीनं त्या दोघांकडं दाखवलं. “आन ही मंडळी?”

“बरोबर आलीत,” मी म्हटलं. “त्यांचा मान राखायला पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही चहा विचारला नाही म्हणून एवढं सगळं झालं. दोन कप सांगा, चांगला दुधाचा.”

मिस्त्री पहिल्यांदाच हसला. समोरच्या गाड्यावरून चहा आला. दोघांसाठी मिस्त्रीनं आतून एक बाकडं काढून, फडक्यानं पुसून मांडलं. मी पदर खोचून मिस्त्रीच्या मागं गाडीखाली वाकले, कारण काय फुटलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. चष्मा नवाच होता.

मागून आवाज येत होता.

“घ्या दाजी.”

“न्हाई न्हाई, पाव्हणं, तुमी आधी.”

“असं कसं? मान तुमचा.”

“तुमी घेतल्याबिगर मी हात लावायचा न्हाई.”

आम्ही सगळं बघून, ठरवून गाडीखालून बाहेर आलो, तेव्हा दोन्ही कपांवर साय धरली होती.